स्कर्टच्या चुण्या

५ ऑगस्ट
काय बावळट आहे मी! तीन आठवडे तिच्या मागे लागलेय—स्कर्ट खाली घे, गुडघे झाक, हात बाकावर! शिंपिणीची मुलगी, गणितात वर्गात पहिली. परवा चाचणीत साधे अपूर्णांक चुकली. म्हटलं, डोक्यात हवा गेली.

आज मधल्या सुट्टीत एकटी सापडली. स्कर्टची कड धरून चुण्या घालत होती. चार घातल्या, एक सोडली—चारातल्या तीन, म्हणजे पाऊण, उत्तर तयार! पोरगी बोटांनी विचार करते. आणि मी नेमकी बोटंच बंद केली.

शेजारचा मुलगा दिवसभर बाकावर ताल धरतो. त्याला मी म्हणते, उत्साही आहे.

६ ऑगस्ट
म्हटलं, घाल गं चुण्या, खुशाल घाल. दचकली. "नको बाई. सगळे पाय बघतात." दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली.

मोठ्या शाळेची परीक्षा आठ दिवसांवर. मोफत जागा एकच. हुकली तर सातवीनंतर आईबरोबर मशीनवर.

७ ऑगस्ट
मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं, म्हटलं, तिला चुण्या घालू द्यायला हव्यात. हसले. "बाई, गणित डोक्यात असतं, स्कर्टमध्ये नाही. मुलींनी नीट बसावं, तुम्हीच म्हणाला होतात ना?"

म्हणाले होते. पालकसभेत. टाळ्या मिळाल्या होत्या!

९ ऑगस्ट
लहानपणी माझी आत्या म्हणायची, बोलताना हातवारे नकोत, मुलीची जात आहे. अजून हात पाठीमागे बांधून शिकवते मी. आणि इथे, या वहीत? हातात पेन नसेल तर धड रडायलाही सुचत नाही.

११ ऑगस्ट
शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. मोठा रुमाल दिला, यावर चुण्या घाल म्हटलं. बोटं नुसती पडून राहिली. "उत्तर येतच नाही हो, बाई." तिच्यासमोरच रडले. तीच मला समजावत होती!

१४ ऑगस्ट
परीक्षा. पेपर अर्धा कोरा ठेवून आली.

२२ ऑगस्ट
जागा गेली. तिची आई भेटायला आली. वाटलं, चार शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. तर हात जोडून म्हणते, "तुम्ही तिला वळण लावलंत बाई, तेवढं पुष्कळ झालं."

२६ ऑगस्ट
पहिलीच्या बाई रजेवर, तास माझ्याकडे. तिची धाकटी बहीण पहिल्या बाकावर. मी तोंडही उघडलं नव्हतं, तिने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि हसली.

"ताईने घरीच शिकवलं, बाई!"