पूर्णपणे सहमत

बदनापूर
१२ नोव्हेंबर १९९९

तीर्थस्वरूप रामरावदाजी यांस भुजंगाचा साष्टांग नमस्कार. उषाअक्काचे गुडघे आणि तुमचा दमा भांडण न करता एका घरात नांदत असतील, असं धरून चालतो. इकडे सर्व ठीक आहे. (ठीक नाही, पण पत्राची सुरुवात अशीच करायची असते.)

आमच्या शाळेतल्या पुंजाराम गुरुजींची मुलगी बेबीनंदा मानसशास्त्रात एम.ए. करते. आषाढात ती तंबाखूवरची प्रश्नावली घेऊन आली. माणसाचं स्वतःचं मत, घरच्यादारच्यांचं मत आणि आपल्याला जमेल हा भरवसा, हे तीन जुळले की इरादा पक्का होतो आणि मग माणूस तसाच वागतो, असं तिच्या पुस्तकात आहे म्हणे. तंबाखू वाईट? पूर्णपणे सहमत. (पंचवीस वर्षं मुलांना तेच शिकवतोय, गालात गोळी धरून.) घरच्यांना सोडावीशी वाटते? सहमत. जमेल? सहमत. महिनाभरात सोडणार? पूर्णपणे सहमत. एवढे गुण तिला तालुक्यात कुणी दिले नव्हते. मला तर वाटलं, सुटलीच.

त्याच जोरात मी तंबाखूची चंची शाळेमागच्या आडात टाकली आणि तिथंच घात झाला. आपल्याकडे मळलेली तंबाखू पुढे आल्यावर नको म्हणणं म्हणजे त्या माणसालाच नको म्हणणं. शिपाई मच्छिंद्र म्हणाला, "सर, सोडली म्हने? लई बराबर केलं. घ्या मंग, ही शेवटची." हेडमास्तरांनी अभिनंदन म्हणून स्वतःच्या हातानं मळून दिली. जवळ चंची होती तेव्हा दिवसाला सहा वेळा खायचो. सोडल्यावर लोकांच्या कौतुकानं अकरावर गेलो.

भादव्यात बेबीनंदा पुन्हा विचारायला आली. मी बेधडक खोटं बोलणार होतो, पण गाल फुगलेला. पोरगी रागावली नाही की हसली नाही. ओठ बाजूला करून बॅटरी धरली आणि तिचाच चेहरा उतरला. आत पांढरा चट्टा होता. तिनंच मला नवीन जालन्यात डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि विचारलं, गुरुवारी रिपोर्ट न्यायला येणार ना? मी म्हटलं, नक्की.

त्यानंतर पाच गुरुवार गेले. दर गुरुवारी स्टेशनवर जाऊन तिकीट काढतो. गाडी येते, गाडी जाते, मी बाकावरच.

असो. प्रकृतीस जपावे. अक्कास नमस्कार.

तुमचा
भुजंग

ता. क. – दाजी, तो रिपोर्ट तुम्ही आणा. डॉक्टरची चिठ्ठी पत्रासोबत ठेवली आहे. आधी तुम्ही वाचा.

दुसरा ता. क. – आमच्या मंडळींना यातलं काहीच ठाऊक नाही. माझं तोंड आता दोन बोटं जातील एवढंही उघडत नाही, म्हणून बोलणं कमी झालंय. तिला वाटतं तंबाखू सुटली आणि स्वभाव निवळला. शेजारणींना कौतुकानं सांगते. काल देवापुढे साखर ठेवली तिनं. दाजी, मला फार भीती वाटते. लवकर या.