ऐकू न आलेला वारा

प्रिय बाबा,

रागावलास तरी चालेल, पण हे पत्र उभ्याउभ्या चाळून खिशात कोंबू नकोस. बस आणि शेवटपर्यंत वाच. आज तुझ्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानाची मोसमातली पहिली फेरी. शाळेची पाच मुलं आणि त्यांच्या बाईंना घेऊन तू पलीकडच्या बेटावर सामन्याला निघणार, आणि मला भीती वाटतेय की ती मुलं तिथे पोचणार नाहीत. झालं, लिहून टाकलं. आता बाकीचं सांगायला धीर येईल.

लेक अँकरेजला जाऊन फार शहाणी झाली, असं म्हणशील. पण जी काही झाले ती तुझ्या शेजारच्या सीटवर. आठवीत होते मी. खाडीवर ढगात शिरलो, वेग मोजणाऱ्या बाहेरच्या नळीत बर्फ बसलं आणि वेगाचा काटा शून्यावर येऊन पडला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तू टोपी काढलीस, त्या तबकडीवर अडकवलीस आणि म्हणालास, "त्या लबाडाकडे बघू नकोस, रग्ना. दाराच्या फटीत काय चाललंय ते ऐक. वारा ओरडतोय तोवर आपण उडतोय. कुजबुजायला लागला की नाक खाली." सिटका गाव येईपर्यंत मी कान दाराला लावून बसले होते. तू मधूनच विचारायचास, "बोल, किती?" आणि मी अंदाजे आकडा ठोकून द्यायचे. धक्क्याला लागल्यावर तू आईला सांगितलंस, पोरीचा कान माझ्यासारखा आहे. त्या एका वाक्यावर मी माझा धंदा निवडला.

माझा धंदा म्हणजे तरी काय? जमिनीला खिळलेल्या खोलीत बसलेल्या माणसाला आपण हवेत धावतोय असं पटवायचं. पडद्यावर पाणी कितीही पळालं तरी वेग अंगात येत नाही. आवाज बंद केला की मुरलेले वैमानिकसुद्धा सिम्युलेटर नुसता हाणत सुटतात, कारण त्यांना वाटतं आपण रांगतोय. मग मी वाऱ्याचा आवाज घालते. वेग वाढला की तो नुसता मोठा होत नाही, बारीक आणि धारदार होतो, आणि वैमानिकांचे हात आपोआप सैल पडतात. हा वारा मी दुसरीकडून आणलेला नाही. तुझ्याच विमानाच्या दाराला माइक बांधून आणलाय.

म्हणून तर नवं यंत्र पक्कं करायच्या आधी आम्ही तुला बोलावतो. काट्यावर कागद चिकटवायचा आणि वेग तू नुसत्या कानाने सांगायचा. आमचा साहेब लायल सगळ्यांना ऐकवतो, "टॉर्वाल्डने मान डोलावली की यंत्र पास. बाकीच्यांनी आपले कान घरी ठेवून यावं." या वेळीही तू आलास, खुर्चीत बसलास, माझ्या हाताखालच्या दोन पोरांची टर उडवलीस. इंजिन चालू होतं तोवर तू एकेक आकडा बिनचूक सांगितलास. मग मी इंजिन बंद केलं. राहिला फक्त वारा.

तू नाक वर घेत गेलास. वारा बसत गेला, बसत गेला, शेवटी श्वासाएवढा उरला. लायलने विचारलं, "म्हाताऱ्या, किती?" तू आरामात म्हणालास, "ऐंशी." खरा वेग त्याच्या निम्म्यावर आला होता. पडद्यावर पाणी वर आलं आणि आपण त्यात गेलो. मग तूच हसलास. "अगं, तुझा वारा मुका आहे. आधी त्याला बोलायला शिकव!" लायलही हसला आणि मला म्हणाला, वाढव आवाज.

मी वाढवला. तू म्हणालास, अजून. आणखी वाढवला. तू म्हणालास, "काय पाण्यासारखा पातळ वारा, घाल की!" मी घालत गेले. शेवटी तू खूश होऊन मांडीवर थाप मारलीस, "हां! हा खरा वारा." तेव्हा मी मागे वळून पाहिलं, बाबा. लायल कानांत बोटं घालून उभा होता आणि दोन्ही पोरं दाराबाहेर पळाली होती. लायल यंत्राला दोष देत होता, आणि यंत्रात तर काहीच बिघडलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी माझ्या घरी मासा भाजायला ठेवला होता. ओव्हनची घंटी टीं टीं करून थकली, मासा जळला, आणि तू तिच्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत होतास. दरवर्षी परवान्याच्या तपासणीत डॉक्टर तुझ्या मागे उभं राहून गप्पा मारतात, त्या तुला कळतात, म्हणून कागदावर तुझे कान ठणठणीत. माणसाचा जाड आवाज पोचतो, इंजिनाची घरघर पोचते. बारीक आवाज इतक्या वर्षांच्या इंजिनाने कधीच खाऊन टाकलेत. तुला त्याचा पत्ता नाही, कारण जे ऐकूच येत नाही ते गेलं हे कळणार कसं?

काट्याकडे बघून उडणारा कोणी असता तर मी इतकी घाबरले नसते. पण तुझ्या विमानाचा वेगाचा काटा दोन उन्हाळे अडकतोय आणि तू तो दुरुस्त करत नाहीस. धक्क्यावरच्या दुसऱ्या विमानाच्या वैमानिकाने, ओर्लिनने, टोकलं तर म्हणालास, "माझे कान काय भाड्याने दिलेत?" आणि बेटावर उतरताना तू नेहमी इंजिन अगदी कमी करून नुसत्या वाऱ्याच्या आवाजावर येतोस. सगळा गाव कौतुक करतो. मीही करायचे. मोडेन पण वाकणार नाही हा तुझा बाणा मला आवडतो, बाबा, पण आज मोडायला तुझ्यासोबत पाच मुलं आहेत.

फोनवर हे बोलले असते तर तू आईच्या हातात रिसीव्हर देऊन मोकळा झाला असतास. समोर बोलले असते तर म्हणाला असतास, ओरडतेस कशाला. म्हणून हे लिहिलं आणि विमानाची किल्ली जिथे असते त्या खुंटीला लावून ठेवलं. किल्ली माझ्याकडे आहे. आईनेच काढून दिली, आणि देताना ती रडली. मी कालच आलेय, ओर्लिनकडे उतरलेय. तू हे उघडशील तेव्हा मी तुझ्या मागेच, स्वयंपाकघराच्या दारात असेन, आणि तू वाचत असेपर्यंत शिट्टी वाजवत राहीन. बारीक, पण चांगली जोरात; आई सांगेल. ती तुला ऐकू आली असेल, तर मी मूर्ख ठरले. किल्ली घे, मुलं घे, जा. ऐकू आली नसेल, तर ओर्लिन त्याचं विमान घेऊन धक्क्यावर तयार आहे, मुलांना तो नेईल. तू फक्त मागे वळ.

तुझीच,
रग्ना