कोणतेही कारण न देता

आंजी (मोठी)
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय भागीस,

ज्योत्स्नाचा नमस्कार. लेकीकडे, सपनाकडे हिंगणघाटला तुझं बरं चाललं असेल. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. पहिली वेचणी झाली, कापूस घरात आला, आणि बसायला जागा उरली नाही. तू घरी नाहीस, तर किसनराव भाऊजी रोज खिचडी करतात. परवा मी वरण घेऊन गेले तर म्हणाले, "वहिनी, खिचडीची सवय मोडू नका, मंग पंचाईत होते."

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर मला ब्लॉक केलं आहेस, हे सपनानेच सांगितलं, तिला रागावू नको. म्हणून पत्र. शिवाय आपल्या महिला मंडळाच्या सभेची सूचना सभासदाला लेखी द्यावी असा नियम आहे, ती यासोबत जोडली आहे. १ डिसेंबर, रविवार, दुपारी तीन, समाजमंदिर.

तू म्हणशील, मी सभासद कुठे राहिले? राहिली आहेस. राजीनामा लेखी लागतो. ऑक्टोबरच्या सभेत तू तो तोंडी दिलास, आणि चप्पल घालता घालता दिलास. लेखी आलेला नाही. कृपा करून पाठवू नको.

आता कालच्या सभेची बातमी. पहिला विषय नेहमीचाच, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. तुला ठाऊकच आहे आपल्याकडे हे कसं चालतं. मी वाचते, लीलाबाई अध्यक्षांच्या खुर्चीत डुलक्या घेतात, आनंदाबाई माझं संपायच्या आत "सूचक मी" म्हणते, अनुमोदक तू, की लगेच लीलाबाई मी बोट ठेवीन तिथे सही करतात आणि चहा येतो. बावीस वर्षं शाळेच्या कार्यालयात इतिवृत्तं लिहिलेली मी, मला हे कधी पटलं नाही. मी सांगून दमले, बायांनो, ऐका, चूक असेल तर हरकत घ्या, एकदा सही झाली की तेच खरं ठरतं. कोण ऐकतं!

काल मात्र सगळ्या ऐकत होत्या. तुझी जागा रिकामी होती ना. मी वाचत वाचत सहाव्या कलमापाशी आले. "दत्तजयंतीच्या महाप्रसादाच्या भाजीवर चर्चा झाली. सौ. भागीरथाबाई यांनी कोणतेही कारण न देता राजीनामा दिला व त्या सभेतून निघून गेल्या."

सगळ्या सतरंजीकडे बघत बसल्या. वर्षाली नवी आहे, तिने तोंड उघडलं आणि शेजारणीकडे बघून मिटलं. आनंदाबाईने सवयीने "सूचक मी" म्हटलंसुद्धा.

भागी, ते वाक्य मी फार ठसक्यात लिहिलं होतं. सुवाच्य अक्षर, जागच्या जागी स्वल्पविराम. वाचताना मात्र मी तिथेच बोट ठेवून थांबले.

मी म्हटलं, "थांबा. दुरुस्ती आहे."

"कोनाची?" लीलाबाई जाग्या झाल्या.

"माझीच."

"सचिवाले आपल्याच लिवन्यावर हरकत घेता येते काय?"

येते. त्या सभेला हजर असलेल्या कोणालाही येते. फक्त एक अट आहे, जे बोललं गेलं तेच घालता येतं. आज जे बोलावंसं वाटतं ते नाही. तसं चाललं असतं तर मी माझं सगळं बोलणंच खोडलं असतं. उभी राहिले आणि माझं वाक्य सगळ्यांपुढे जसंच्या तसं म्हणून दाखवलं, "मांगच्या साली तुह्या भाजीत वांगं सापडाले गोताखोर लागला असता. आता तुह्या हाताले पहिलेची चव राह्यली नाई. बस घरी." आणि त्यानंतर तुझं, "मंग करा तुमच्या हातानं! मी राजीनामा देऊन राह्यली."

गोताखोरावर वर्षालीला हसू आलं. पदर तोंडात कोंबून ती खांबामागे गेली. मग सगळ्याच हसल्या, मीही हसले, आणि हसता हसता रडले. असा तमाशा आपल्या मंडळात कधी झाला नव्हता.

दुरुस्ती लिहिली. सही घ्यायला रजिस्टर लीलाबाईंपुढे धरलं, तर त्यांनी पेनाचं टोपण लावून टाकलं. म्हणाल्या, "जिले बोलली तिच्यापुढं वाचजो. तोवर मी सही नाई करत." मी नियम सांगितला की गैरहजर सभासदासाठी इतिवृत्त अडत नाही. त्या म्हणाल्या, "अडत नाई तं अडवून राह्यली मी." आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईने इतिवृत्त ऐकलं आणि पहिल्यांदाच माझ्यावर उलटली.

तर ऑक्टोबरचं इतिवृत्त तुझ्यासाठी लोंबकळलं आहे. महाप्रसादही तसाच. काही जणींचं म्हणणं, भाजी केटररला द्यावी. मी म्हटलं, पुढच्या सभेपर्यंत निर्णय नको.

इथे पत्र संपवणार होते. पण अजून एक आहे, ते कालही सभेत माझ्या तोंडून निघालं नाही.

गेल्या साली दोनशे माणूस जास्त आलं. सेलूहून लोक आले, तुझ्या भाजीचं नाव ऐकून. तू म्हणालीस, "पुरनार नाई, दुसरी टाकू." उशीर होईल म्हणून मी म्हटलं, "दोन घागरी पाणी घाल, कोणाले समजत नाई." तू नको म्हणत होतीस. घागरी मी उचलून आणल्या, भाजीच्या गंजात मीच ओतल्या. नंतर लोक कुजबुजले तेव्हा तू माझं नाव घेतलं नाहीस. वर्षभर घेतलं नाहीस. आणि मी त्याच भाजीवरून भर सभेत तुला घरी बस म्हटलं.

का म्हटलं, तेही सांगते. तुझ्या भाजीसाठी लोक गाव ओलांडून येतात. माझ्या रजिस्टरसाठी आजवर कोणी उंबरा ओलांडला नाही. जळले मी, भागी. साठीला टेकलेली बाई वांग्याच्या भाजीवर जळली. हस हवं तर.

ही पाण्याची गोष्ट ऑक्टोबरच्या इतिवृत्तात घालता येत नाही, कारण त्या सभेत मी ती बोललेच नव्हते. ती नव्याने सांगावी लागेल, सभेपुढे, तुझ्यासमोर. १ तारखेला मी ती सांगणार आहे. तू आली नाहीस तरी सांगेन, पण मग माफी कोणाकडे मागायची?

आणि त्या दिवशी रजिस्टर तू घे. माझ्या हाताचा मला भरवसा नाही, तो पुन्हा माझ्याच बाजूचं लिहील. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण चालेल. मी उभी राहून काय बोलले ते सगळं लिही, मग मला आणि लीलाबाईंना मोठ्याने वाचून दाखव. एक शब्दही सोडू नको. मी हरकत घेणार नाही.

वाट बघणारी, चुकलेली,
तुझीच
ज्योत्स्ना
(ही सही सचिव म्हणून केलेली नाही.)