लाल फ्रॉक आणि तीन रोगांची एक सुई

प्रिय ताई,

नमस्कार. तुझ्या लेकीला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी मी तिला घ्यायला हात पुढे केले होते, आणि तू भरल्या खोलीत म्हणाली होतीस, "हिच्याकडे बाळ देऊ नका, ही घाबरली की हात सोडते." ती माझी भाची आता स्वतः चिऊची आई झाली, तू आजी झालीस, चाळिशी ओलांडल्यावर मी ठमीची आई झाले, पण ते वाक्य काही म्हातारं होत नाही. असो. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? (सविस्तर उत्तर नको.) आम्ही बरे आहोत. ठमी तर अगदी छान आहे, आणि नेमकं तेच सांगायला हे पत्र, कारण फोनवर मी "लस" म्हटलं की तुझ्याकडची रेंज जाते.

पहिल्यापासून सांगते. ठमीची गोवर, गालगुंड आणि रुबेलाची लस होती, तिन्ही एकाच सुईत. आमचे हे तुला माहीतच आहेत, सगळा जन्म वायरिंगमध्ये गेला. त्यांच्या धंद्याचा नियम असा, की एका वेळी एकच जोडणी करायची, बटण दाबून बघायचं, मगच पुढची. तिन्ही एकदम जोडल्या आणि धूर निघाला, तर दोष कुणाचा म्हणायचा? हे त्यांनी डॉक्टरीणबाईंना टेबलावर तीन पेनं मांडून समजावलं. (त्यातलं एक बाईंचंच होतं. ते सध्या आमच्या घरी आहे.) बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमची मुलगी आत्ता काय करतेय?" ठमी खुर्चीखाली बसून ह्यांच्या चपलेचा अंगठा चोखत होती. बाई म्हणाल्या, "त्या चपलेवरचे जंतू मोजायला बसलो तर संध्याकाळ होईल. तिचं शरीर त्या सगळ्यांना एकदम तोंड देतंय. सुईतले हे तिघे तर आधीच अशक्त करून पाठवलेले आहेत." शिवाय तिघांना एकत्र देऊनच तपासलेलं आहे, आणि वेगवेगळं द्यायचं तर तीनदा रडणं, वर मधल्या काळात उरलेल्या रोगांना दार उघडं. मग मी तुझा प्रश्न विचारला ("आमच्याकडे एक वडीलधारी आहेत" एवढंच म्हटलं), की ह्या सुईने मुलं बोलायची थांबतात म्हणे. त्यावर त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, लस घेतलेली आणि न घेतलेली लाखो मुलं तपासून झाली, संबंध सापडला नाही. मुलाचं वेगळेपण साधारण ह्याच वयात लक्षात येतं, म्हणून लोक दोन्हीची सांगड घालतात. लपवलं मात्र काहीच नाही. आठवड्याभराने ताप येऊ शकतो, फिकट पुरळ उठू शकतं, क्वचित एखाद्या मुलाला तापात झटका येतो. तो बघायला भयंकर असतो, पण बहुतेक वेळा मागे काही ठेवत नाही.

"आणि गोवर?" ह्यांनी विचारलं.

"गोवर पुष्कळ काही मागे ठेवतो," बाई म्हणाल्या. "कधी कधी मूलच ठेवत नाही."

ह्यांनी पेनं गोळा केली. मी ठमीला मांडीवर धरलं. ती किंचाळली, मी डोळे मिटून घेतले, पण हात सोडला नाही. (हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.)

आठवडा उलटला आणि ताप आला. सांगून ठेवलेला असला तरी कानांनी ऐकलेला ताप वेगळा आणि मांडीवर तापणारं मूल वेगळं. ती झोपेत जरा दचकली तरी मला वाटायचं, हाच तो झटका. औषध दिलं, अंग पुसलं, आणि भिंतीला टेकून तिचा श्वास ऐकत बसले. एवढ्यात तुझा फोन. "मी पाठवलेला फ्रॉक घातलास का तिला? फोटो पाठव." ताप तुला कळू नये म्हणून मी तो तिला घातला. तो लाल मखमली, कोरा, पाणी न लागलेला फ्रॉक. फोटो काढून उतरवला, तर ठमीच्या मानेपासून पोटापर्यंत लाल चट्टे! नेमका तेव्हाच तू व्हिडिओ कॉल केलास, तुला सगळं दिसलं, "झालं! मी ओरडून सांगत होते!" म्हणालीस आणि फोन ठेवलास. हे गिऱ्हाइकाचा पंखा अर्धा लोंबकळता सोडून धावत आले. दवाखान्यापर्यंत मी तिचं पोट वर-खाली होतंय ना, एवढंच बघत होते.

बाईंनी नीट तपासलं, मग ओला कापूस फिरवला. कापूस गुलाबी झाला आणि ठमी होती तशी झाली. बाईंनी कापूस उजेडात धरला. "कपड्याचा रंग आहे हा. घामाने सुटलाय." त्यावर हे म्हणाले, "तरी मी सांगत होतो, एका वेळी एकच गोष्ट करावी. ताप असताना फ्रॉक कशाला?" (आयुष्यात प्रथमच त्यांचा नियम बरोबर निघाला, आता वर्षभर ऐकायचंय.) दोन दिवसांत तापही उतरला.

पण तोवर तू चट्ट्यांच्या गोष्टी सगळ्या नातेवाइकांना सांगितल्यास, आणि चिऊची लस रद्द केलीस. चट्टे पुसले गेले ताई, तुझा निर्णय तेवढा राहिला. काल भाचीचा कामावरून फोन आला, दबक्या आवाजात. तुमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावरच्या मुलाला गोवर झालाय. तिला चिऊला लस द्यायचीय, पण ती दिवसभर कामावर, चिऊ तुझ्याकडे, आणि तुझ्यापुढे तिचं तोंड उघडत नाही. माझंही उघडत नाही, म्हणून लिहिते आहे.

भावोजींना नमस्कार, चिऊला पापा.

तुझी धाकटी

ता. क. फ्रॉक धुतला. ह्यांचे सगळे बनियन आता गुलाबी आहेत. तुला दोष देत नाहीत, फक्त तेच घालून हिंडतात.

आणखी एक. डॉक्टरीणबाई म्हणतात, चिऊला बरं असेल तर आता थांबू नका. भाचीचा होकार आहे. गुरुवारी सकाळी मी तुझ्याकडे येते. तू दवाखान्यात येऊ नकोस, हवं तर खिडकीत उभी राहा. मी घाबरलेली असेन, हे आधीच सांगते. तू नाहीच म्हणणार, तेही माहीत आहे. तरी दार उघडशील तेव्हा मी हात पुढे केलेले असतील. ह्या वेळी बाळ माझ्याकडे दे.