न्हाणीतल्या चार पांढऱ्या टाइल्स

बाबा, आज तुमची न्हाणी फोडली. सकाळी नऊच्या सुमारास मिस्त्री आले, त्यांनी छिन्नी लावली आणि पहिला तुकडा निघायलाच अर्धा तास लागला. ‘ज्यानं लावलं त्यानं फोडायसाठी नाही लावलं,’ ते म्हणाले आणि घाम पुसत माझ्याकडे पाहिलं. तुम्ही लावलं हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. आई अंगणात खुर्ची टाकून बसली होती, उजवा हात मांडीवर जपून ठेवलेला. मी स्वयंपाकघरात गेले आणि गरज नसताना भांडी घासत राहिले, म्हणजे मधे नळाचा आवाज राहील.

फोडावी लागली. पावसाळ्यात आई न्हाणीच्या दाराशीच घसरली, मनगट मोडलं. गुडघे तर आधीच गेलेले, अंगणातल्या संडासात तिला आता बसता येत नाही. मी नागपूरहून दर शनिवारी येते, पण एरवी ती पांढुर्ण्यात एकटी. डॉक्टर म्हणाले, कमोड आतच बसवा, धरायला दांडा लावा, जमीन खरखरीत करा. एवढंच काम होतं. पण मी दोन महिने ते पुढे ढकलत राहिले, कारण तुमच्या हातचं या घरात तेवढंच उरलं होतं.

तुम्हाला आठवतं का, माझ्या आठवीपर्यंत आई तट्ट्याच्या आडोशाला, वर साडी टाकून आंघोळ करायची? आणि तुम्ही मिस्त्री, सौसरपासून तिगावपर्यंत रोजंदारीवर लोकांच्या न्हाण्या बांधत होता. मग एका उन्हाळ्यात तुम्ही आपली बांधली, ज्या घरी काम केलं तिथून मागून आणलेल्या उरल्यासुरल्या तुकड्यांची. जमिनीला कुठे कडप्पा, कुठे शहाबादी, कुठे ठिपक्यांची फरशी. भिंतीवर गुलाबी, मोरपंखी, मरून, द्राक्षांचे घोस असलेली एक पट्टी. आई न्हाणी धुताना त्यावर खराटा फिरवत मला सांगायची, ‘हे सौसरच्या डॉक्टरीणबाईची. हे बोरगावच्या मास्तरची. आन हे द्राक्षंवाली त्या संत्रेवाल्याची, ज्याच्या बायकोनं तुह्या बाबाले दोन टाइम जेवू घातलं.’ मला ती सगळी घरं पाठ होती. न पाहिलेली घरं.

त्या संत्रेवाल्याची गोष्ट तुम्ही जेवताना हमखास सांगायचा. त्याला न्हाणीच्या भिंतीवर समुद्रातले मासे पाहिजे होते, उड्या मारणारे, कारण त्याच्या साळ्याकडे होते. तुम्ही लावून दिले. सहा वर्षांनी त्यानंच परत बोलावलं, मासे काढा म्हणून. ‘काहून?’ तुम्ही विचारलं. तर म्हणे, ‘आता साळ्यानं काढले.’ तुम्ही हसत हसत भाकरी मोडायचा आणि मग एकदम गंभीर व्हायचा. ‘जे फोडल्याबिगर बदलत नाही, थे साधं ठेवा म्हणतो मी लोकाईले. हौस बादलीत करा, परद्यात करा. आन ढाळ नीट काढा. रंग कोणी पायत नाही दहा वर्षांनं, पाणी कोठी थांबते थेच पायते.’ काम संपलं की तुम्ही लोटाभर पाणी कोपऱ्यात ओतायचा आणि उकिडवं बसून पाहायचा. पाणी वाटेत कुठे न थबकता जाळीपर्यंत गेलं की मगच हात धुवायचा. मी कितीदा तुमच्या शेजारी तशीच बसले आहे. मला वाटायचं, पाण्याला तुमचा धाक आहे.

नागपूरच्या दुकानात मी गेल्या महिन्यात दोन तास फिरले. दुकानदार भला माणूस होता. तो म्हणाला, आता चकचकीत गेलं, मॅट आलं. नळ काळे, कमोड भिंतीला टांगलेला, शॉवर छतातून पावसासारखा, मधे काचेचं पार्टिशन. भिंतीएवढी एकच टाइल, सांधाच दिसत नाही. मी विचारलं, एवढ्या मोठ्या टाइलला ढाळ कसा काढता, आणि हे किती वर्षं टिकेल? ‘टाइल तर तुमच्या नातवापर्यंत टिकेल मॅडम,’ तो म्हणाला, ‘डिझाइनचं म्हणाल तर पाच वर्षं धरून चाला.’ मग त्यानं आतून एक नमुना काढला, सध्या सगळ्यात जास्त खपतो म्हणून. बाबा, एका टाइलवर नऊ वेगवेगळे तुकडे छापलेले होते. एक गुलाबी, एक मोरपंखी, एक ठिपक्यांचा. जणू नऊ घरांतून मागून आणलेले. मी ती टाइल हातात धरून उभी राहिले. त्यानं चहा मागवला, इकडचं तिकडचं विचारलं, मी काहीबाही उत्तरं दिली.

घरी येऊन मी आईला म्हणाले, जमीन तेवढी बदलू, भिंती बाबांच्याच राहू देऊ. आजकाल तशीच फॅशन आहे. आई डाव्या हातानं तांदूळ निवडत होती. तिनं ताट खाली ठेवलं.

‘मले सारं नवं पायजे. खालपासून वरपर्यंत. एका रंगाचं.’

‘अगं पण बाबांनी...’

‘बाबाची आठवण तुले येते, शनिवारच्या शनिवारी. न्हाणीत मी जातो रोज.’ मग माझ्याकडे न पाहता, ‘दुसऱ्याच्या घरचं उरलेलं लय वर्षं धुतलं म्या. एक डाव आपलं धुतो.’

इतकी वर्षं ती त्या घरांची नावं कौतुकानं घेते असं मला वाटत होतं. कौतुक असेलही. पण कौतुक आणि कंटाळा एकाच खराट्याखाली असू शकतात, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळलं.

आता जे सांगायचं आहे त्यासाठीच हे लिहायला बसले. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना होस्टेलवरची माझी एक मैत्रीण संत्र्याच्या दिवसांत आपल्याकडे दोन दिवस आली होती. सकाळी ती टॉवेल घेऊन न्हाणीच्या दारात उभी राहिली आणि खाली-वर पाहत राहिली. ती काही बोलायच्या आत मी म्हणाले, ‘भाड्याचं घर आहे गं. मालक लक्षच देत नाही.’ तुम्ही अंगणात वाळू चाळत होता. चाळणीचा आवाज थांबला नाही. तो थांबला नाही म्हणून मी स्वतःला समजावलं, तुम्ही ऐकलं नाही. ही समजूत मी आजपर्यंत सांभाळली.

आज दुपारी मिस्त्रींनी हाक मारली. ‘ताई, हे पाहा. हे चार नंतर लावले आहेत.’ दाराच्या आत, पाय पहिला पडतो तिथे चार पांढऱ्याशुभ्र टाइल्स होत्या. मी त्या कायम पाहत आले, कुठल्यातरी घरच्या उरलेल्या असतील म्हणून. ‘बाकी साऱ्याखालचा मसाला एक आहे,’ ते बोटानं चुरा करून दाखवत म्हणाले, ‘याच्या खालचा वेगळा. आणि हे तर भिंतीच्या टाइल्स आहेत, गुळगुळीत. एवढा हुशार कारागीर जमिनीला ह्या कशा लावेल?’

आई खुर्चीतूनच बोलली. ‘त्या इकत आणल्या होत्या. ते मैत्रीण येऊन गेली ना तुही, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. चारच. म्हणे, पोरीकडे कोणी आलं तर दारात तरी सारखं दिसलं पायजे. जमिनीच्या पांढऱ्या भेटल्या नाही गावात. म्या म्हटलं, घसरन बाप्पा. तर म्हणे, तू बाजूनं जात जाय.’

‘मग?’

‘मग काय. लय वर्षं बाजूनंच जाओ मी. पडली त्या दिवशी नाही गेली.’

बाबा, गावभर लोकांना सांगणारे तुम्ही, भिंतीची टाइल जमिनीला लावू नका म्हणून. तुम्हीच लावली. चाळणी हलत होती आणि तुम्ही ऐकत होता. मी दिवाळीला घरी आले तेव्हा तुम्ही न्हाणीच्या आसपास दोनदा घुटमळलात, एवढं मला आता आठवतं. नवीन काही दिसतं का, असं तुम्ही विचारलं नाही. मला दिसलं नाही.

त्या चारही निघताना फुटल्या. पक्क्या बसवल्या होत्या.

आईनं वाळूच्या रंगाची खरखरीत टाइल निवडली आहे, खालपासून वरपर्यंत. कमोड साधा, जमिनीवर बसणारा. नळ स्टीलचे, म्हणजे पांढुर्ण्यात कोणीही दुरुस्त करील. दोन दांडे, एक कमोडजवळ, एक दाराशी. हौस म्हणून तिनं लाल बादली सांगितली आहे. मला वाटतं, तुम्ही पास केली असती ही न्हाणी. संध्याकाळी मिस्त्रींनी खालचा थर साफ केल्यावर मी लोटाभर पाणी आणलं आणि कोपऱ्यात ओतून उकिडवी बसले. टाइल्स गेल्या, पण पाणी कुठे न थांबता जाळीपर्यंत गेलं. मिस्त्री म्हणाले, हा ढाळ मी बदलत नाही, यावरच लावतो. आई म्हणाली, ‘पाह्यलं? सारं नाही गेलं. आता उठ, पाय धरतीन तुहे.’

हे पत्र मी टाइल्सच्या कॅटलॉगमध्ये घालून ठेवणार आहे, ते जाणार कुठेच नाही. पण एक राहिलं. त्या दुकानदारानं चहा देताना विचारलं होतं, ‘मॅडम, तुम्हाला ढाळाबिळाचं बरंच कळतं. वडील काय करायचे?’ मी म्हणाले, ठेकेदार होते. सोमवारी नळ आणायला त्याच दुकानात जायचं आहे, बाबा, आणि आतापासूनच मी दुसरं एखादं दुकान आठवून पाहते आहे.