बुटकी कमान

प्रिय खारुताई,

शुक्रवारी त्या हिरव्या ट्रॅक्टरची चावी हातात घेऊ नकोस. बाकीचं पत्र सावकाश वाच, पण एवढं पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण तू पत्रसुद्धा माझ्या बोलण्यासारखं अर्ध्यावर सोडून कामाला लागशील. लहानपणी तुला झाडावरून उतरवायला दहा हाका माराव्या लागायच्या, म्हणून तर तू खारुताई. ही अकरावी समज. परवापासून फोन दोनदा लावला, दोन्ही वेळा तू माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीस, औषधं विचारलीस आणि मला तोंड उघडू न देता ठेवून दिलास. म्हणून हे पत्र, आणि पोस्टात न टाकता तुमच्याकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात देतोय.

तू पाठवलेला तक्ता वर्कशॉपच्या टेबलावर पान्याखाली दाबून ठेवलाय. काय ग नीटनेटका! तीन ट्रॅक्टर, किंमत, ताकद, डिझेल, वळायला लागणारी जागा, आणि शेवटच्या रकान्यात ‘बाबांचं मत’ लिहून जागा कोरी. चाळीस वर्षं हात काळे केलेल्या माणसाला याहून मोठा मान कुणी दिला नव्हता. कंपन्यांची नावं तुलाच पाठ राहोत, मी रंगावर चालतो. लाल साडेपाच लाखांचा. महाग आहे, पण बुटका आणि खाली जड, मागच्या चाकांमधलं अंतर वाढवता येतं, फिल्टर आणि पट्टे तुमच्या चौकातल्या दुकानातही मिळतात. निळा साठ हजारांनी स्वस्त, इंजिन गोड, डिझेल बेताचं. पण मागे फवारणीची भरलेली टाकी उचलली की पुढची चाकं हलकी पडतात, आणि तुमची बाग उताराची. शिवाय त्यांचा मेकॅनिक येईपर्यंत गवत गुडघाभर वाढायचं. राहिला हिरवा. जुना, पण अडीच लाख, वर चारही टायर नवे. जावईबापूंनी त्याच्यापुढे बरोबरच्या तीन-तीन खुणा केल्यात. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कागदावर तोच सगळ्यात चांगला दिसतो.

तक्त्यासोबतच्या फोटोत हिरव्याच्या सीटमागची बुटकी कमान पाहिली तेव्हाच मला शंका आली होती. मग मी तुला सांगितलं की हिरव्याचं इंजिन गेलंय. तू कसली ऐकतेस! दुसरा मेकॅनिक नेलास, त्याने तासभर चालवून इंजिन ठणठणीत असल्याचं सांगितलं. तो खरं बोलला, मी खोटं बोललो. तू फोनवर हसलीस, मागून जावईबापूंनी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हटलेलं मलाही ऐकू आलं, आणि त्याच दुपारी तुम्ही विसार देऊन मोकळे झालात. चूक तुमची नाही. खोटं अर्धवट बोललं की असंच होतं.

परवा सकाळी मी स्वतः तो हिरवा विकणाऱ्याकडे गेलो, दोन बस बदलून. आवारात दोन्ही बाजूंना जुने ट्रॅक्टर, एक माणूस नळी घेऊन त्यांना आंघोळ घालत होता. तुमचा अगदी पुढे, फाटकाजवळ, तोंड रस्त्याकडे करून उभा. ओल्या रंगावर ऊन पडलेलं, नवरदेवासारखा दिसत होता मेला. मी सीटवर चढून बसलो आणि मागे हात नेला. सीटच्या मागे लोखंडी कमान असते ना, ती नव्या ट्रॅक्टरला डोक्याच्याही हातभर वर असते. ट्रॅक्टर उलटला तर माणूस आणि जमीन यांच्यामध्ये तेवढीच एक गोष्ट उरते. या कमानीचा माथा माझ्या कानाला लागत होता. मी उतरलो, तिच्या डाव्या पायावरचा हिरवा रंग घराच्या किल्लीने खरवडला. खाली पिवळा निघाला. पिवळ्याच्या खाली वेल्डिंगचा जोड निघाला, तो मी बोटाने चाचपला, आणि मी तिथेच चाकाला टेकून खाली बसलो. नळीवाल्याने पाणी आणून दिलं, ऊन लागलं असेल म्हणाला.

मालकाला मी तुमच्यापेक्षा तीस हजार जास्त देऊ केले. घरी आणून त्याचे तुकडे करणार होतो, तुला कधी काही कळलं नसतं. तो म्हणाला, विसार मुलीचा आहे, मुलगीच सोडेल. वरून मला टोमणा मारला की बापलेकीतच लिलाव लागला म्हणजे माल चोख असणार. आता तू स्वतः नको म्हणेपर्यंत तो ट्रॅक्टर शुक्रवारी तुमच्या दारात येणार.

काकाचा पिवळा ट्रॅक्टर तुला आठवत असेल. त्याच्या मांडीवर बसून तू पहिल्यांदा स्टीअरिंग धरलंस आणि सरळ जाऊन कोंबड्यांचं खुराडं पाडलंस. धाकटा असूनही काका तुला माझ्यापेक्षा जास्त लाडावून ठेवायचा. तू कॉलेजला लांब होतीस तेव्हा तो गेला, आल्यावर तू नुसतं एवढंच ऐकलंस की बागेच्या उतारावर ट्रॅक्टर उलटला. काकूने महिन्याच्या आत तो भंगारवाल्याला दिला. भंगारवाल्याने तो मोडला नाही. तोच हा. रंग बदलून, टायर बदलून, काकाची जी बाग आता तुम्ही बघता त्याच बागेत, त्याच उतारावर परत यायला निघालाय, आणि या वेळी सीटवर तू असशील. काकूच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो उतार दिसतो. तिला तर तो हिरवाच दिसेल, आणि ती तुला हात हलवून निरोप देईल. परवापासून माझ्या डोळ्यांसमोरून हे हलत नाही.

तेव्हा चौकशीला एक साहेब आले होते. काकाच्या कमानीचा उजवा पाय जोडातून तुटला होता. साहेबांनी तो तुकडा हातात धरून विचारलं की हा जोड कुणाचा. काकू शेजारीच उभी होती. मी म्हणालो, असेल बाजारातल्या कुणा वेल्डरचा. मग गर्दीतून कुणीतरी म्हणालं की गडी प्यायला असेल, आणि मी मान डोलावली. त्या एका मान डोलावण्यावर सगळ्यांचं समाधान झालं. काकू गेली बारा वर्षं दारुड्याची बायको म्हणून त्या गावात मान खाली घालून वावरते आहे, आणि दर हंगामाला बागेतली पहिली पाटी माझ्याकडे पाठवते, कारण धाकट्याच्या मागे मोठ्या भावानेच सगळं निस्तरलं असं ती मानते.

खारुताई, तुझा काका प्यायला नव्हता. त्या सकाळी तो माझ्या वर्कशॉपमध्येच होता, माझ्या हातचा चहा पिऊन गेला होता. कमान फांद्यांना अडकते, फळं झडतात म्हणून कुरकुरत आला आणि मी तासाभरात तिचे दोन्ही पाय हातभर कापून पुन्हा जोडून दिले. लोखंड थंडही होऊ दिलं नाही. वर पिवळा रंग मारला, त्याच्या पाठीवर थाप दिली आणि म्हणालो, आता खुशाल जा. दुपारी तो गेला. लेथने माझा अंगठा नेल्यापासून माझ्या जोडाची ओळ उजवीकडे कलते, ती मी अंधारातही ओळखीन. डाव्या पायावर ती अजून तशीच आहे. इंजिनाची थाप चालली नाही, दुसरी कुठली तूही मानणार नाहीस, म्हणून खरं लिहितोय. तुझ्या तक्त्यातला माझा रकाना भरून सोबत पाठवलाय: हिरव्यापुढे मी माझी सही केली आहे. विसार बुडू दे. लाल घे. त्याची कमान खिळी काढून दुमडता येते. फांद्यांखालून बाहेर आलीस की ती उभी करायची आणि खिळी घालायची, रोज, कितीही घाई असली तरी. आणि हे पत्र काकूला वाचून दाखव. तिच्याने ते हातात धरवणार नाही, तूच वाच. मी पुढच्या बसने येतोय. स्टँडवर कुणी नाही आलं तरी मी समजून घेईन, तिथून तिच्या दारापर्यंत चालत येईन.

तुझाच, अजून म्हणवत असेल तर,
बाबा