मुक्ताचा पाढ्यांचा खेळ

३ जाने.
माळ्यावरून जुना कॉम्प्युटर काढला. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवर चालणारा. सुधा म्हणाली, "आता कशाला?" मुक्ता गणपतीत गेली, तेव्हापासून घरात प्रत्येक गोष्टीला हाच प्रश्न. तिनं नऊ वर्षांची असताना बनवलेला पाढ्यांचा खेळ एका कॅसेटवर आहे. टेप खराब व्हायच्या आत तो लॅपटॉपवर यायला हवा. लेक गेली, निदान खेळ तरी...

५ जाने.
याचं सीरियल पोर्ट गोल, लॅपटॉपला नुसतं यूएसबी. मल्हारगंजात रिपेअरवाल्या भियाकडे गेलो. "अंकलजी, ये तो अजायबघर का माल है!" हसला मेला. मग "किसका है?" सांगितलं. हसणं बंद. केबल बनवून देतो म्हणाला.

९ जाने.
केबल मिळाली. खेळ जुन्यात लोड केला, तिकडून लॅपटॉपला पाठवला, तर पडद्यावर नुसता कचरा. दोन्हीकडचा वेग वेगळा. आता लॅपटॉपला म्हाताऱ्याच्या चालीनं चालवायचं. उद्या.

१० जाने.
आला! ओळ न् ओळ आली. उत्तर चुकलं की खेळ म्हणतो, "आई, लक्ष दे." अक्षरं इंग्रजी, दटावणी मराठी. रडलो. सु.ला हाक मारली. तिनं वाचलं नि म्हणाली, "आणि तिचा आवाज?"
एका कॅसेटवर बरेच प्रोग्रॅम असायचे, सापडायचे नाहीत. म्हणून आमच्या घरचा नियम, आधी तोंडानं नाव बोलायचं, मग प्रोग्रॅम रेकॉर्ड करायचा. विसरलोच होतो. कॉम्प्युटरची वायर खोचली की कॅसेट प्लेअरचा स्पीकर बंद होतो, त्यामुळे लोड करताना काही ऐकू आलंच नाही. केबलमधून अक्षरं आली. आवाज टेपवरच राहिला.

११ जाने.
वायर काढून नुसती कॅसेट लावली. खरखर. मग मुक्ता! "पाढ्यांचा खेळ. आईसाठी. अगं आई, कुकर बंद कर ना, रेकॉर्ड होतंय!" मग प्रोग्रॅमची कर्कश किंचाळी.
सु. म्हणाली, "परत लाव." तेव्हा मोबाइलवर तरी रेकॉर्ड करायला हवं होतं. एवढं केबल-बिबल केलं आणि हे सुचलं नाही. दोघंही नुसते कान देऊन बसलो. परत लावली. "पाढ्यांचा खे..." टेप आत गुंडाळली गेली.

१४ जाने.
संक्रांत. यंदा तिळगूळ नाही. भियाला फोन केला. "हाथ मत लगाना, अंकलजी. ले आओ. टूटी तो भी जोड दूंगा, बस उतना टुकडा जाएगा."
उतना टुकडा म्हणजे नेमका तोच. सु. नेऊ देत नाही. प्लेअर जेवणाच्या टेबलावर तसाच आहे, आम्ही ताटं हातात घेऊन जेवतो.
जुन्या मशिनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून खेळ सुरू करून दिला. सु. दुपारपासून त्याच्यापुढे बसलीय. सात नव्वे किती? जन्मभर शाळेत गणित शिकवलं तिनं, पाढे झोपेतही म्हणेल. चौसष्ट लिहिते.
आई, लक्ष दे.
परत चौसष्ट.